ॲक्सल मागवण्याआधी: पिकअपच्या सीव्ही ॲक्सलविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकातली एक सोडून बाकी पत्रं एकाच दुखण्याची आहेत: फोर-बाय-फोर पिकअपचा पुढचा सीव्ही ॲक्सल, म्हणजे डिफरन्शियलकडून (जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) पुढच्या चाकाला फिरवणारा, दोन्ही टोकांना वळते जॉइंट असलेला दांडा. बहुतेक पत्रं अमेरिकेतून, आणि गाडी २००५ ते २०१५ या पिढीची टोयोटा टॅकोमा. म्हणून खालचे आकडे त्याच गाडीचे आहेत. गाडी दुसरी असेल तर कामाची पद्धत साधारण हीच राहील, नट किती आवळायचा ते मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

प्रश्न : माझी २०१२ ची टॅकोमा फोर-बाय-फोर आहे. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून टक-टक ऐकू येते. गॅरेजवाला म्हणतो, दोन्हीकडचे सीव्ही ॲक्सल बदला. खरंच दोन्ही गेले असतील का? (ॲन आर्बर, मिशिगन)

उत्तर : टक-टक टू-व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) येते की फोर-व्हीलमध्ये (चारही चाकांना जोर), हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निदान त्यावरच ठरतं.

टॅकोमाच्या पुढच्या चाकांना ॲक्सलपासून सुटे होणारे हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) नाहीत. गाडी टू-व्हीलमध्ये असतानाही चाकं ॲक्सलला फिरवतच असतात, फक्त पुढच्या डिफरन्शियलमधली डावी बाजू आतून सोडवलेली असते. म्हणजे ॲक्सल फिरतो, पण ओझं न घेता. बाहेरच्या सीव्ही जॉइंटमध्ये सहा गोळ्या असतात आणि त्या खाचांतून धावतात. खाचा झिजल्या की ओझ्याखाली गोळी त्या खड्ड्यात आपटते, तीच टक-टक. ओझं नसेल तर बऱ्यापैकी झिजलेला जॉइंटही गप्प बसतो. तेव्हा कोरड्या पार्किंगमध्ये टू-व्हीलमध्ये आवाज येत असेल तर आधी स्वस्तातले संशयित तपासा: टायरच्या नक्षीत अडकलेला खडा, ब्रेक डिस्कमागचा वाकलेला पत्रा, ब्रेक पॅडची सुटलेली क्लिप, मागच्या आसाकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा वळता जोड).

जॉइंटची खरी परीक्षा खडीच्या किंवा बर्फाच्या मोकळ्या जागेत होते. मिशिगनात डिसेंबरनंतर अशी जागा शोधावी लागत नाही. गाडी फोर-हायमध्ये (फोर-व्हीलचा नेहमीच्या वेगाचा टप्पा) घाला, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हलका ॲक्सलरेटर देत ताशी पाच-सात मैलांनी गोल फिरा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारी ठेक्यातली टक-टक आली, तर बाहेरचा जॉइंट गेला. डावीकडे वळताना आवाज मोठा असेल तर आधी उजवा ॲक्सल बघा, उजवीकडे वळताना असेल तर डावा. पण हा नियम पक्का नाही. शेजारी बसलेल्या माणसाला खिडकी उघडून कान द्यायला सांगा. पूर्ण वळवलेल्या चाकावर जोरात ॲक्सलरेटर मात्र देऊ नका, धडधाकट जॉइंटही तसेच तुटतात.

हीच परीक्षा कोरड्या डांबरावर करू नये. वळणात पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा असतो आणि या गाडीत मधलं डिफरन्शियल नाही. त्यामुळे सगळी साखळी पिळली जाते, टायर घासतात, गाडी उड्या मारते. ते हिसके ॲक्सलचे समजून अनेकजण विनाकारण खर्चात पडतात.

आतल्या जॉइंटचं लक्षण वेगळं. त्यात तीन रोलर असतात. ते झिजले की फोर-व्हीलमध्ये सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी थरथरते आणि ॲक्सलरेटर सोडताच थरथर थांबते. फोर-व्हीलमध्येच डी मधून आर मध्ये टाकताना पुढून ‘धप्प’ होणं हेही त्याचंच. थरथर एका ठराविक वेगालाच येत असेल आणि ॲक्सलरेटर दिला-सोडला तरी फरक पडत नसेल, तर चाकांचं बॅलन्सिंग करा. ब्रेक दाबतानाच स्टिअरिंग हलत असेल तर डिस्क बघा. वेगाबरोबर चढत जाणारी सलग घरघर असेल आणि गाडी हलकेच डावीकडे झुकवली की ती वाढत असेल, तर उजव्या चाकाचं बेअरिंग.

आता टॉर्च घेऊन गाडीखाली बघा. बूट (जॉइंटवरचं घड्यांचं रबरी आवरण) फाटला असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला, वरच्या आर्मवर आणि शॉकवर काळ्या ग्रीसची एका रेषेत उडालेली फवारणी दिसते. बूटच्या प्रत्येक घडीत बोट फिरवा, चीर बहुधा घडीच्या तळाशी असते. मग गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) असताना मधला दांडा हातात धरून हलवा. आत-बाहेर सरकणं हे आतल्या जॉइंटचं कामच आहे, त्याची काळजी नको. बाहेरच्या जॉइंटजवळ वर-खाली खटखट लागली तर ती झीज.

दोन्ही एकदम बदलण्याची सक्ती कुठेच नाही. जो दोषी ठरेल तो बदला.

प्रश्न : ऑईल बदलताना दिसलं की डाव्या बाजूचा बाहेरचा बूट फाटलाय. आवाज काहीच नाही. नुसता बूट बदलावा की अख्खा ॲक्सल? (क्लीव्हलंड, ओहायो)

उत्तर : बूट फाटून किती दिवस झाले आणि त्या दिवसांत रस्त्यावर मीठ होतं का, यावर ठरवा. चिरेतून थोडं ग्रीस काढा आणि दोन बोटांत चोळा. गुळगुळीत लागलं तर जॉइंट वाचला आहे. वाळूसारखं करकरलं किंवा गंजाचा तांबूस रंग दिसला, तर नवा बूट घालून फक्त घाण आत कोंडली जाईल.

गाडीबरोबर आलेला मूळ ॲक्सल असेल आणि जॉइंट चांगला असेल, तर आमचं मत बूटच्या बाजूने आहे. बाजारातल्या स्वस्तातल्या नव्या ॲक्सलपेक्षा मूळ ॲक्सलचं पोलाद आणि त्याची मापं बहुधा सरस असतात.

मात्र एक गोष्ट आधी माहीत हवी. या गाडीचा बाहेरचा जॉइंट दांड्यावरून उतरत नाही, त्यामुळे बाहेरचा बूटसुद्धा आतल्या बाजूने चढवावा लागतो. आतला कप (आतल्या जॉइंटचं बाहेरचं कवच), रोलरचा त्रिकोण आणि दांडा यांच्यावर आधी रंगाने खुणा करा (छिन्नीने ठोकून नको), लॉक रिंग काढा आणि त्रिकोण पितळी ड्रिफ्टने (ठोकण्याच्या पितळी दांडीने) हळूहळू उतरवा. दांड्याच्या टोकावरच्या दातेरी खाचांवर टेप गुंडाळल्याशिवाय नवा बूट सरकवू नका, खाचांची धार त्याला आतून कापते. जुनं ग्रीस सगळं पुसून काढा आणि किटमध्ये आलेलंच पाकीट वापरा. ते मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस असतं. घरात उरलेलं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही. बहुतेक पाकीट गोळ्यांमध्ये दाबून भरा, उरलेलं बूटमध्ये. पट्टी आवळण्याआधी बूटच्या ओठाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घालून कोंडलेली हवा सोडा. प्लास्टिकचे झिप टाय लावून भागवू नका, कान असलेली स्टीलची पट्टीच घ्या आणि तिच्या खास पकडीने दाबा.

प्रश्न : निदान झालं आहे, उजवा ॲक्सल बदलायचा आहे. ड्राइव्ह-वेमध्ये शनिवारी एका दिवसात होईल का? कुठे फसायला होतं? (पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : होईल, गंजाने परवानगी दिली तर. तुमच्या भागातल्या गाड्यांना शुक्रवारी रात्रीच सुरुवात करा: ॲक्सलचा नट, चाकाकडच्या खाचा आणि खालच्या बॉल जॉइंटचे (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोळीचा जोड) दोन बोल्ट यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. वसाहतीच्या नियमांत ड्राइव्ह-वेवर गाडी खोलायला बंदी नाही ना, तेही त्याच रात्री वाचून घ्या.

अवजारांत ३५ मिलिमीटरचा सॉकेट, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रिंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), दोन पहारी, पितळी ड्रिफ्ट आणि दोन घोड्या लागतात. मोठा सॉकेट आणि स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या झटक्याने ओढणारं अवजार) विकत घेण्याची गरज नाही. ऑटोझोनसारखी दुकानं अनामत घेऊन अवजारं देतात आणि परत केली की पैसे परत करतात. सामानात नवा ॲक्सल (त्याच्या टोकावर नवी सी-रिंग, म्हणजे त्याला डिफरन्शियलमध्ये अडकवणारी कडी, असावी), नवी कॉटर पिन (नट फिरू न देणारी दुमडती पिन), डिफरन्शियलचं ऑईल सील आणि ७५डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑईलच्या दोन क्वार्ट बाटल्या. सील आत्ता बरं दिसत असलं तरी आणून ठेवा. रविवारी दुकान बंद असताना ते गळायला लागलं तर गाडी तिथेच उभी राहील.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना गुटके लावा. चाकाचे नट जमिनीवरच ढिले करा. मग गाडी उचलून चेसिसच्या लांब तुळयांखाली घोड्या ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक काढा. हबवरची ग्रीसची टोपी छिन्नीने चोहोबाजूंनी थोडी-थोडी उचला, एकाच जागी ठोकली तर ती चेपते. कॉटर पिन आणि लॉकची टोपी काढा. आता दोन चाकाचे नट स्टडवर परत चढवून डिस्क धरून ठेवा, कोणाला तरी ब्रेक दाबायला बसवा आणि मोठा नट सोडवा. तो २३५ न्यूटन-मीटरने, म्हणजे १७४ फूट-पाउंडांनी आवळलेला असतो, वर गंजाची भर. पाना जमिनीकडे दाबायचा, आपल्याकडे ओढायचा नाही. नट पूर्ण काढू नका, दांड्याच्या टोकाशी बरोबर ठेवा आणि त्यावर लाकडाचा तुकडा धरून हातोड्याने ठोका. दांडा आत सरकला की खाचा सुटल्या. सरळ दांड्यावर हातोडा बसला तर आटे मरतात, आणि नवा ॲक्सल आणला असला तरी जुना दुकानात परत करून त्यावर भरलेली अनामत मिळवायची असते.

नकलवरची (हब धरून ठेवणारा वळता भाग) ब्रेक पाइपची आणि एबीएस वायरची पकड सोडा. टाय रॉड एंडची (नकलला स्टिअरिंगशी जोडणारं टोक) पिन आणि नट काढून तो सुटा करा, त्याच्या आट्यांची लांबी बदलणारा लॉक नट मात्र हलवू नका. तो जागेवर राहिला तर अलाइनमेंट बिघडत नाही. मग खालच्या बॉल जॉइंटचे दोन बोल्ट काढा. या गाडीत स्प्रिंग शॉकवरच बांधलेली असते, त्यामुळे ती उडण्याची भीती नाही. नकल बाहेरच्या बाजूला वळवा आणि दांडा हबमधून मोकळा करा. ब्रेक पाइप ताणला जात असेल तर कॅलिपर काढून तारेने टांगा. कॅलिपर पाइपवर लोंबकळत ठेवू नका.

बहुतेक जण फसतात ते पुढच्या पायरीला. आतलं टोक डिफरन्शियलमध्ये सी-रिंगने अडकलेलं असतं. मधला दांडा धरून ओढला तर ॲक्सल बाहेर येत नाही, आतला जॉइंट मात्र बूटच्या आत निखळतो. ओढायचं ते आतल्या कपलाच. कप आणि डिफरन्शियलचा भाग यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी पहारी घाला आणि एक झटका द्या. पहारीचं टोक सीलवर टेकता कामा नये. नाहीच हललं तर स्लाइड हॅमर. टोक सुटताच ऑईल येतं, खाली पसरट भांडं हवंच. मुळात सगळं ऑईल बदलणार असाल तर निचऱ्याचा बोल्ट सोडण्याआधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहा. तो अडकलेला निघाला तर रिकामं डिफरन्शियल घेऊन बसावं लागेल.

नवा ॲक्सल जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून लांबी, दोन्ही टोकांच्या खाचा आणि आट्यांची जाडी ताडून पाहा. हे बसवण्याआधी करायचं. दुकानातून चुकीच्या खोक्यातला ॲक्सल हाती पडणं मुळीच दुर्मीळ नाही.

सीलचा ओठ कडक झालेला किंवा कातरलेला असेल तर सील बदला. नवं सील त्याच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने सरळ ठोका, तिरकं गेलं तर गळणारच. ओठावर गिअर ऑईलचा हात फिरवा. सी-रिंगचं तोंड खाली येईल असं ठेवा आणि ती मध्यावर राहावी म्हणून थोडं ग्रीस लावा. ॲक्सल आडवा धरून खाचा सीलला न घासता आत न्या, खाचा जुळेपर्यंत किंचित फिरवा आणि बाहेरच्या टोकावर नट चढवून मऊ हातोड्याने एक ठाम ठोका द्या. ‘टक’ असा बोजड आवाज आला आणि आतला कप हाताने ओढूनही निघत नसेल, तर रिंग बसली. इथे शंका राहिली तर ॲक्सल काढून पुन्हा बसवा. अर्धवट बसलेला ॲक्सल पहिल्या खड्ड्यात सील फाडतो.

हबच्या आतल्या खाचा तारेच्या ब्रशने स्वच्छ करून दांडा घाला. बॉल जॉइंटचे बोल्ट १६० न्यूटन-मीटर (११८ फूट-पाउंड), टाय रॉडचा नट ९१ (६७), ॲक्सलचा नट २३५ (१७४), चाकाचे नट ११३ (८३). शेवटची आवळणी टॉर्क रिंचनेच करा, इम्पॅक्ट गनने नाही. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळून जुळवा, ढिला करून जुळवू नका. ॲक्सलचा नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडी चाकावर उतरवून ढकलू नका. हबचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावरच एकत्र धरलेलं असतं.

गाडी सपाट असताना भरण्याच्या भोकातून ऑईल वाहेपर्यंत भरा. अख्खं रिकामं केलं असेल तर दीड लिटरच्या आसपास लागतं. ब्रेक दोन-तीनदा दाबून पॅडल कडक होतंय याची खात्री करा. सुरुवातीला घराजवळच चक्कर मारा आणि परत येऊन सीलभोवती ओल दिसते का ते बघा. पन्नासेक मैलांनी चाकाचे नट पुन्हा तपासा. जुना ॲक्सल परत करायची घाई मात्र नको, नव्यात काही निघालं तर मूळ ॲक्सल हाताशी हवा.

प्रश्न : डावा ॲक्सल नवा टाकला, तरी ताशी ४५ ते ६० मैलांत तीच घरघर. आता दुसरा ॲक्सल आणू का? (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर : नको. टॅकोमाच्या डाव्या बाजूला, ॲक्सल जिथे डिफरन्शियलच्या नळीत शिरतो तिथे सुईसारख्या रोलरचं एक बेअरिंग आहे. टू-व्हीलमध्ये ॲक्सलचं टोक त्यावर मोकळं फिरतं, आणि बेअरिंग झिजलं की ते थरथरतं. पुष्कळजण टायर, हब, ॲक्सल सगळं बदलून शेवटी इथे पोचतात.

खात्री फुकटात होते. सरळ ओल्या रस्त्यावर घरघर सुरू असताना गाडी फोर-हायमध्ये घाला (ताशी ६२ मैलांच्या आत चालतं). आवाज लगेच गेला आणि टू-व्हीलला आणताच परतला, तर दोष त्या बेअरिंगचा. वळण येण्याआधी टू-व्हीलला परत या.

उपाय म्हणजे ते बेअरिंग काढून त्या जागी बुश (रोलर नसलेली साधी नळी) बसवणं. तुमच्याच राज्यातली ईस्ट कोस्ट गिअर सप्लाय ही कंपनी या कामासाठी बुश विकते आणि टॅकोमावाल्यांत तो चांगला परिचित आहे. डावा ॲक्सल पुन्हा काढावा लागेल आणि सील नवं लागेल. बुश टाकल्यावर तेच जुनं सील परत बसवण्यात अर्थ नाही.

फोर-हायमध्येही घरघर तशीच राहिली, तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर. आणि नवीन थरथर नवा ॲक्सल टाकल्यावरच सुरू झाली असेल, तर संशय सरळ त्या ॲक्सलवर. असे नवेकोरे पण सदोष ॲक्सल निघतात.

प्रश्न : पिकअप तीन इंच उंच करून घेतला. आतल्या बूटच्या बारीक टोकातून ग्रीस झिरपतं, बूट फाटलेला नाही. (डेन्व्हर, कोलोरॅडो)

उत्तर : गाडी उंच झाली की ॲक्सलचा कोन वाढतो, बूटच्या घड्या एकमेकींवर दाबतात आणि ग्रीस पट्टीखालून बाहेर ढकललं जातं. नवा ॲक्सल टाकला तर त्याच कोनात तोही झिरपेल. बूट पुसा, जुनी पट्टी काढून चांगली पट्टी आवळा. तरी थांबलं नाही तर डिफरन्शियल खाली आणणारे स्पेसर बसवा किंवा पुढची उंची अर्धा-पाऊण इंच कमी करा. आमच्या मते उंची कमी करणं जास्त शहाणपणाचं, पण ते तुम्हाला आवडणार नाही.

प्रश्न : माझा टाटा एस (छोटा हत्ती) आहे. माल भरून निघालो की खालून ‘खट’ असा आवाज येतो, पहिल्या गिअरला जास्त. यालाही सीव्ही ॲक्सल असतो का? (सांगली)

उत्तर : नाही. छोटा हत्ती मागच्या चाकांवर चालतो. इंजिनाकडून मागच्या आसाकडे प्रॉपेलर शाफ्ट जातो आणि त्याच्या टोकांना क्रॉस असतात. पहिल्या गिअरला निघताना येणारी एकच ‘खट’ हे झिजलेल्या क्रॉसचं नेहमीचं लक्षण. सावकाश चालताना चिरचिर येत असेल तर क्रॉसमधलं ग्रीस संपलं आहे.

गाडी रिकामी करा, सपाट जागी उभी करून चारही चाकांना दगड लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. मग खाली जाऊन शाफ्ट एका हाताने आणि फ्लँज (शाफ्टची जोडचकती) दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट फिरवा. दोघांच्या मध्ये जरासुद्धा प्ले (ढिलेपणा) जाणवला तर क्रॉस बदला. प्ले नसेल आणि निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर चारही टोप्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीस गन मारा. एखाद्या टोपीतून येतच नसेल तर ती आतून कोरडी आहे, तो क्रॉस फार दिवस काढणार नाही.

शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर रंगाची रेघ मारा. रेघ न जुळवता शाफ्ट बसवला तर खट जाईल आणि त्या जागी थरथर येईल. दोन्ही क्रॉस घट्ट निघाले तर फ्लँजचे बोल्ट, मग मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि इंजिनाचे रबर बघा. भरल्या गाडीत तेही अशीच खट देतात.

इसुझु व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखा फोर-बाय-फोर पिकअप असलेल्या तुमच्याकडच्या वाचकांना मात्र वरची ॲक्सलची उत्तरं लागू पडतात. मिठाच्या जागी तिथे पावसाळ्यातला चिखल धरायचा: बूटच्या घड्यांत वाळलेला चिखल खरखरीत होऊन रबर कापतो, म्हणून शेतातून आल्यावर चाकामागे पाण्याचा पाइप मारावा.